बुडबुडा सुटतो कधी? पाण्यापासून हायड्रोजन बनवताना इलेक्ट्रोडवर काय चालतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"तू नक्की करतोस तरी काय?" असं घरात कुणी विचारलं की मी "पाण्यातले बुडबुडे बघतो" एवढंच सांगतो. त्यावर आत्या म्हणाली होती, "आणि त्याचा पगार देतात?" देतात. बघायला येणारे विद्यार्थी, इंजिनिअर मित्र आणि आत्या यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लहानमोठी आहेत, कारण प्रश्नही तसेच आहेत.

पाण्यातून हायड्रोजन निघतो हे शाळेतच शिकलो. मग बुडबुड्यांचा वेगळा अभ्यास कशाला?

शाळेत दोन परीक्षानळ्या, एक बॅटरी, ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर ऑक्सिजन, प्रमाण दोनास एक, आणि धडा संपला. कारखान्याचा धडा तिथून पुढे सुरू होतो. 25 अंश सेल्सिअसला पाणी फोडायला तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरतात. बाहेरून उष्णता न घेता काम चालवायचं तर 1.48 लागतात. चालू प्लांटमधल्या सेलला मात्र 1.8 ते 2 व्होल्टच्या आसपास द्यावे लागतात, आणि हा वरचा सगळा खर्च वीजबिलात चढतो.

हिशेब तोंडी करता येतो. एक किलो हायड्रोजनसाठी दर व्होल्टमागे 26.6 युनिट वीज जाते. युनिट म्हणजे आपल्या घरच्या मीटरवरचंच. 1.48 व्होल्टला 39.4 युनिट, 1.9 ला साडेपन्नास. कुठूनही 0.1 व्होल्ट वाचवला तर किलोमागे अडीच युनिटांच्या वर बचत. या ज्यादा व्होल्टात उत्प्रेरकाचा वाटा असतो, ऋणाग्र-धनाग्र या दोन इलेक्ट्रोडांमध्ये गॅस वेगळे ठेवणाऱ्या पडद्याच्या रोधाचा असतो, आणि बुडबुड्यांचाही असतो. करंट कमी असताना तो नजरेत भरत नाही, करंट वाढवत नेला की डोकं वर काढतो. प्लांटवाल्याला तर करंट वाढवायचाच असतो, कारण तेवढ्याच यंत्रातून जास्त गॅस काढला तरच यंत्राची किंमत वसूल होते.

माझं सरळ मत सांगतो. गेली काही वर्षं सगळी शाबासकी उत्प्रेरकाला मिळते आहे. नवा पदार्थ, नवा आलेख, नवा शोधनिबंध. पण तयार झालेला गॅस त्या पदार्थावरून उठायलाच तयार नसेल, तर खालचा उत्प्रेरक कितीही महागाचा असो, तो झाकलेल्या तव्यासारखा नुसता तापत बसतो.

एवढा गॅस निघतो तरी किती?

एक चौरस सेंटीमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा इलेक्ट्रोड घ्या आणि त्यातून एक ॲम्पिअर सोडा. आजच्या इलेक्ट्रोलायझरसाठी, म्हणजे पाणी फोडणाऱ्या यंत्रासाठी, हा आकडा मुळीच मोठा नाही. सेकंदाला साधारण 0.127 मिलिलिटर हायड्रोजन निघेल. कमी वाटतो ना? आता तो 50 मायक्रॉन व्यासाच्या, म्हणजे केसाहून बारीक बुडबुड्यांत वाटून बघा. दर सेकंदाला सुमारे 19 लाख बुडबुडे, आणि तेही एका नखाएवढ्या जागेतून. पुढच्या सेकंदाला नव्या 19 लाखांना जागा हवी, म्हणून आधीच्यांनी निघायलाच हवं.

हे पहिल्यांदा पाहिलं कुणी?

1800 साली लंडनमध्ये विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी. व्होल्टाने आपल्या विद्युतघटाची हकीकत त्याच वर्षी मार्चमध्ये पत्राने इंग्लंडला कळवली होती, आणि मेच्या सुरुवातीला या दोघांनी पाणी फोडलंसुद्धा. गंमत म्हणजे ते त्यांच्या डोक्यात नव्हतं. घटाच्या वरच्या चकतीशी तारेचा नीट स्पर्श व्हावा म्हणून तिथे पाण्याचा थेंब ठेवला होता, आणि त्या थेंबात कार्लाइलला बुडबुडे दिसले. तो पेशाने शल्यवैद्य. या शास्त्राची सुरुवातच मुळी कुणाचं तरी बुडबुड्याकडे लक्ष गेलं म्हणून झाली. त्याआधी 1789 साली ॲमस्टरडॅममध्ये घर्षणविद्युत यंत्राच्या ठिणग्यांनी पाणी फोडलं गेलं होतं, पण सलग करंट हाती आला तो व्होल्टामुळे.

बुडबुडा जन्मतो कसा?

हायड्रोजन तयार होतो तो आधी पाण्यात विरघळलेला असतो. पण पाण्याला तो फारसा मानवत नाही. साध्या दाबाला एक लिटर पाण्यात जेमतेम दीड मिलिग्रॅम मावतो. इलेक्ट्रोडजवळ तो साचत जातो, पाणी अतिसंपृक्त होतं, म्हणजे मावेल त्याहून जास्त गॅस त्यात साठतो, आणि तरीही बुडबुडा लगेच तयार होत नाही. का? पृष्ठताणामुळे. बुडबुडा जितका लहान, तितकं त्याचं कातडं त्याला जास्त आवळतं. एक मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्यात बाहेरच्यापेक्षा जवळजवळ दीड वातावरण (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दीडपट) जास्त दाब असतो. दहा नॅनोमीटर त्रिज्या असेल तर हाच ज्यादा दाब 140 वातावरणांच्या वर जातो. इतक्या दाबाचं पिल्लू तयार व्हायचं, तर आजूबाजूच्या पाण्यात गॅसही तेवढाच ठासून भरलेला हवा.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात लाँग लुओ आणि हेन्री व्हाइट यांनी 2013 मध्ये हे थेट मोजलं. 50 नॅनोमीटरहूनही कमी त्रिज्येच्या प्लॅटिनमच्या चकतीवर त्यांनी एकच बुडबुडा जन्माला घातला. त्यासाठी पाण्यातला हायड्रोजन नेहमीच्या संपृक्त पातळीच्या सुमारे 300 पट चढावा लागला.

नेहमीच्या इलेक्ट्रोडवर एवढं ताणावं लागत नाही, कारण तिथे ओरखडे असतात, खाचा असतात आणि खाचांत आधीच अडकलेला चिमूटभर गॅस असतो. सोड्याची बाटली ग्लासात ओतल्यावर बुडबुड्यांची माळ ग्लासातल्या ठरावीक जागेवरूनच निघत राहते, तसंच हे. चहाच्या पातेल्यातही पाणी तापू लागलं की तळाला एकाच ठिकाणाहून सर लागते. आमच्याकडे एकदा इलेक्ट्रोड घासताना पॉलिश पेपरचा एक खडा लागला आणि प्लॅटिनमवर तिरकी रेघ उमटली. कॅमेऱ्यात पाहिलं तर बुडबुडे त्या रेघेवर ओळीने बसलेले, विजेच्या तारेवर पाखरं बसावीत तसे. बाकीचा चकचकीत पृष्ठभाग रिकामा.

मग तो वाढतो कसा?

आजूबाजूचा विरघळलेला गॅस आत झिरपतो आणि तो फुगतो. गॅस सगळीकडून झिरपत येत असेल, तर त्रिज्या वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. इलेक्ट्रोडवर बनलेला सगळा गॅस थेट त्याच एका बुडबुड्यात जात असेल, तर घनमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे वाढीच्या आलेखाचा उतार पाहून गॅस कुठून येतोय ते ओळखता येतं. आमच्या धंद्यातला हा पहिला आलेख.

आणि सुटतो कधी?

खरा प्रश्न हाच. वर ओढणारं बल एकच मोठं, ते म्हणजे उत्प्लावक बल. धरून ठेवणाऱ्यांत मुख्य पृष्ठताण: बुडबुड्याच्या पायाशी पाणी, गॅस आणि धातू जिथे भेटतात, त्या गोल कडेवर तो चिकटून असतो. बुडबुडा वाढतो तसं उत्प्लावक बल त्रिज्येच्या घनाने वाढतं, त्यामुळे कधी ना कधी ते जिंकतंच. फक्त कधी, हे ठरतं पाणी त्या धातूला किती ओलं करतं यावर.

1935 साली फ्रिट्झ यांनी उकळत्या पाण्यातल्या वाफेच्या बुडबुड्यांसाठी एक सूत्र दिलं, ते आजही अंदाजाला वापरलं जातं. ते सांगतं की सुटतानाचा व्यास स्पर्शकोनाच्या प्रमाणात असतो. स्पर्शकोन म्हणजे पाण्याची कड धातूला ज्या कोनात टेकते तो; धातू जितका चांगला ओला होतो, तितका तो लहान. स्पर्शकोन 10 अंश असेल तर बुडबुडा अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर गेला की सुटेल. 40 अंश असेल तर सव्वादोन मिलिमीटरपर्यंत बसून राहील. व्यास चौपट म्हणजे पोटातला गॅस 64 पट, आणि तोवर त्याच्याखालची जागा कामातून गेलेली. प्रत्यक्षात, विशेषतः अल्कलीत (पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या द्रावणात), हायड्रोजनचे बुडबुडे या सूत्राच्या अंदाजाहून बरेच लहान, काही दशक मायक्रॉनांचे असतानाच सुटतात, कारण तिथे इतर बलंही हात घालतात. पण दिशा सूत्र बरोबर दाखवतं: पाण्याला धरणारा पृष्ठभाग बुडबुड्याला सोडतो.

हायड्रोजन सर्वात हलका गॅस. म्हणून त्याचे बुडबुडे लवकर उठत असतील ना?

नाही, आणि या प्रश्नावर निम्मे विद्यार्थी पडतात. बुडबुडा वर जातो तो त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनामुळे. एक घनमीटर पाणी हजार किलोचं, तेवढ्याच हायड्रोजनचं वजन 80 ग्रॅम, ऑक्सिजनचं 1.3 किलो. हजारातून 80 ग्रॅम वजा केले काय आणि सव्वा किलो केला काय! दोन्ही गॅसांचे बुडबुडे वेगळे वागतात ते पृष्ठभाग, द्रावण आणि विद्युतभार यांमुळे.

कमळाच्या पानासारखा पाणी न धरणारा इलेक्ट्रोड केला तर बुडबुडे चिकटणार नाहीत, असं वाचलं. खरं आहे का?

अगदी उलटं, आणि हा घोटाळा एवढा होतो की मी प्रात्यक्षिकच करून दाखवतो. कमळ शोधायला जायची गरज नाही, मंडईतून अळूचं पान आणा. अळवावरचं पाणी कसं घरंगळतं ते सगळ्यांना माहीत आहे. आता तेच पान बादलीत बुडवा आणि तिरकं धरून बघा. ते रुपेरी दिसतं, वर्ख लावल्यासारखं. तो वर्ख म्हणजे हवा. पानावरच्या बारीक मेणचट उंचवट्यांत ती अडकून बसते आणि पाण्याला आत येऊ देत नाही. हवेत पाण्याला झटकणारं पान पाण्याखाली हवेला मिठी मारतं. असा इलेक्ट्रोड केलात तर तो गॅसच्या चादरीखाली झाकून जाईल.

आपल्याला हवा आहे याचा उलटा पृष्ठभाग: पाण्याखाली बुडबुड्याला तशी वागणूक देणारा, जशी अळू हवेत थेंबाला देतं. बारीक खडबडीत असावा, पण पाणी त्याच्या खाचाखाचांत शिरून बसलेलं असावं. मग बुडबुडा फक्त टोकांवर टेकतो आणि लहान असतानाच निसटतो. बीजिंगमधल्या एका संशोधक गटाने 2014 मध्ये मॉलिब्डेनम सल्फाइडच्या अशा सूक्ष्म पापुद्र्यांच्या इलेक्ट्रोडवर हे छान दाखवलं. पदार्थ तोच, सपाट थर दिला तर बुडबुडे मोठे होईपर्यंत बसून राहतात, उभ्या पापुद्र्यांवर बारीक असतानाच उडतात.

पृष्ठताण आणि उत्प्लावक बल, एवढंच असतं का?

तसं असतं तर आमची नोकरी कधीच संपली असती. घरात कापराची वडी असेल तर तिचा बारीक तुकडा ताटलीतल्या स्वच्छ पाण्यावर टाका, तो सैरावैरा पळतो. कापूर विरघळतो तिथे पृष्ठताण कमी होतो आणि जास्त ताणाच्या बाजूला पाणी ओढलं जातं. कार्लो मारांगोनी या इटालियन शास्त्रज्ञाने 1865 च्या आपल्या प्रबंधात अशा प्रवाहांचा अभ्यास केला, म्हणून त्याला मारांगोनी परिणाम म्हणतात.

इलेक्ट्रोडवरच्या बुडबुड्याच्या पायाशी करंट दाटीवाटीने जातो, तिथलं द्रावण तापतं. तापलेल्या द्रावणाचा पृष्ठताण कमी, वरच्या थंड भागाचा जास्त. त्यामुळे बुडबुड्याच्या कातड्यावरून खालून वर प्रवाह सुरू होतो, आणि त्याची प्रतिक्रिया बुडबुड्यालाच खाली दाबते. सुटायला निघालेल्या पाहुण्याला "थांबा हो, चहा घेऊन जा" म्हणावं तसं. जर्मनीत ड्रेस्डेनच्या हेल्महोल्ट्झ केंद्रातल्या गटाने 2018 मध्ये प्लॅटिनमच्या सूक्ष्म इलेक्ट्रोडवर हा प्रवाह मोजला, आणि 2019 मध्ये त्याच गटाने आणखी विचित्र गोष्ट दाखवली: सल्फ्युरिक आम्लात एकच मोठा बुडबुडा इलेक्ट्रोडपासून वर उचलला जातो, परत खाली येतो, पुन्हा उचलला जातो. तो धातूला टेकलेला नसतोच. त्याच्या आणि धातूच्या मध्ये अतिसूक्ष्म बुडबुड्यांची सतरंजी असते आणि त्यांना गिळत तो वाढतो.

पृष्ठताण नुसत्या तापमानाने बदलतो असंही नाही, विरघळलेल्या आम्लाच्या प्रमाणानेही बदलतो. म्हणून आम्ल बदललं की ही ओढ कमीजास्त होते, चक्क उलटीही होऊ शकते.

दोन बुडबुडे एकमेकांना भिडले तर?

बहुधा एक होतात, आणि एक होताना दोन्हींच्या कातड्याचं मिळून क्षेत्रफळ घटतं. उरलेली ऊर्जा नव्या बुडबुड्याला झटका देते. या झटक्याने तो नियमाप्रमाणे सुटण्याच्या खूप आधी उडी मारून निघतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात प्लॅटिनमचे दोन सूक्ष्म इलेक्ट्रोड शेजारी ठेवून हे मुद्दाम घडवून पाहिलं गेलं. अंतर बरोबर जमलं की दोन शेजारी एकमेकांची सुटका करतात आणि करंट वाढतो.

पण सगळ्या द्रावणांत ते एक होतीलच असं नाही. कोकणात समुद्राची लाट फुटली की पांढरा फेस बराच वेळ राहतो, नदीच्या धबधब्याखाली तो पटकन विरतो. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळायला कां-कूं करतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातही असंच होतं, सल्फ्युरिक आम्लात होत नाही. त्यामुळे आम्लातला निष्कर्ष उचलून अल्कलीच्या प्लांटला लावू नये. लावणारे लावतात.

बुडबुडे नेमकं नुकसान काय करतात?

तीन प्रकारे. एक, ते इलेक्ट्रोडचा भाग झाकतात, उरलेल्या भागावर करंटची गर्दी होते. स्थिर द्रावणासाठी फोख्ट आणि बाल्झर यांनी 2005 मध्ये दिलेलं समीकरण वापरलं, तर चौरस सेंटीमीटरला 0.1 ॲम्पिअरला सुमारे 18 टक्के पृष्ठभाग झाकला जातो, 1 ॲम्पिअरला 36 टक्क्यांच्या आसपास. दोन, द्रावणात तरंगणारे बुडबुडे विजेच्या वाटेत येतात. द्रावणाच्या आकारमानात 30 टक्के गॅस झाला, तर त्याची वाहकता जवळजवळ 40 टक्क्यांनी पडते. तीन, ते नवीन द्रावणाला उत्प्रेरकापर्यंत पोहोचू देत नाहीत.

पण त्यांना नुसतं खलनायक ठरवणं चूक आहे. उठणारा बुडबुडा आपल्यामागे पाणी ओढून नेतो, फुकटात ढवळतो. शिवाय साचलेला गॅस गोळा करून घेऊन जातो. तो नसता तर इलेक्ट्रोडजवळ गॅसचं प्रमाण एवढं चढलं असतं की त्यासाठीही व्होल्ट मोजावे लागले असते. हवा आहे तो चटकन येणारा आणि चटकन जाणारा बुडबुडा.

कारखान्यात यावर काय करतात?

अल्कली पद्धतीत 25 ते 30 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण 70 ते 90 अंशांना फिरवत ठेवतात. पूर्वी दोन इलेक्ट्रोडांत अंतर असायचं आणि मधे बुडबुड्यांचा फेस. आता निकेलची जाळी थेट पडद्याला चिकटवून बसवतात, म्हणजे गॅस जाळीच्या मागच्या बाजूने निघून जातो आणि विजेच्या वाटेत येत नाही. उंच सेलमध्ये तरीही गॅस वरच्या भागात जास्त साठतो, त्यामुळे करंट खाली जास्त, वर कमी असा असमान वाटला जातो. दाबाखाली चालवलं तर तोच गॅस 30 वातावरणांना तिसाव्या हिश्शाएवढी जागा घेतो. पण मग तो पाण्यात जास्त विरघळतो आणि पडद्यापलीकडे जास्त पाझरतो. फुकट काहीच नाही.

प्रोटॉन पडद्याच्या, म्हणजे अल्कलीच्या द्रावणाऐवजी प्रोटॉन वाहून नेणारा पडदा असलेल्या इलेक्ट्रोलायझरमध्ये पडद्याला लागून टायटॅनियमचा सच्छिद्र थर असतो. ऑक्सिजन त्या आडव्यातिडव्या भोकांतून बाहेर पडतो आणि पाणी त्याच भोकांतून आत येतं. एकेरी रस्त्यावर दुतर्फा वाहतूक! तिथे साधा कॅमेरा चालत नाही, क्ष-किरणांनी नाहीतर न्यूट्रॉनांनी आत बघावं लागतं.

यात धोका कुठे?

हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला पोहोचण्यात. 4 टक्क्यांच्या आसपास मिश्रण पेट घेऊ शकतं, म्हणून साधारण 2 टक्क्यांलाच प्लांट बंद करतात. कमी लोडवर ऑक्सिजन कमी बनतो, पाझर मात्र जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे टक्केवारी चढते. सूर्य ढगाआड गेला की सौरविजेवरचा अल्कली इलेक्ट्रोलायझर पार खाली आणता येत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

बुडबुडेच होऊ दिले नाहीत तर?

ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठातून निघालेल्या संशोधनाने हेच केलं. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं द्रावण सच्छिद्र पडद्यातून वर चढतं, इलेक्ट्रोडवर त्याचा फक्त पातळ थर राहतो, आणि गॅस त्या थरातून थेट वरच्या गॅसमध्ये मिसळतो. 2022 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा किलोला 40.4 युनिटांचा होता, तोही फक्त सेलचा. वर दिलेल्या 39.4 शी ताडून पाहा. मला ही कल्पना मनापासून आवडते. पण प्रयोगशाळेतला सेल आणि वर्षानुवर्षं चालणारा प्लांट यांच्यात पाण्याची शुद्धता, पडद्याचं आयुष्य, उष्णता हे सगळं उभं असतं.

अंतराळात बुडबुडे वर जातच नसतील?

"वर" असं काही नसतंच, मग जाणार कुठे? ते इलेक्ट्रोडवर बसून राहतात, फुगतात, फेस होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात श्वासासाठीचा ऑक्सिजन पाणी फोडूनच मिळवतात, आणि तिथे गॅस व पाणी वेगळं करायला फिरतं यंत्र लागतं. जमिनीवर हे तपासायचं तर जर्मनीतल्या ब्रेमेनच्या 146 मीटर उंच मनोऱ्यात प्रयोगाची कुपी वर फेकून खाली पडू देतात, 9.3 सेकंद वजनरहित अवस्था मिळते. 2018 मध्ये कॅथरिना ब्रिंकर्ट आणि सहकाऱ्यांनी तिथे दाखवलं की ऱ्होडियमच्या सूक्ष्म उंचवट्यांच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षणाशिवायही हायड्रोजन नीट निघू शकतो. म्हणजे पुन्हा मुद्दा पृष्ठभागाचाच.

तुम्ही बघता कसं?

मागून दिवा, पुढे सूक्ष्मदर्शकाची भिंगं आणि सेकंदाला हजारो चित्रं घेणारा कॅमेरा. बुडबुडा काळ्या सावलीसारखा दिसतो, मध्ये प्रकाशाचा ठिपका. सोबत करंटची नोंद चालू असते. व्होल्टेज स्थिर ठेवलं तर बुडबुडा वाढताना करंट हळूहळू उतरतो आणि सुटताक्षणी टपकन वर येतो. आलेख करवतीच्या दातांसारखा निघतो. कॅमेरा बंद असला तरी तो बघून सांगता येतं की आता गेला एक.

ही नोंद एका बुडबुड्याची असते, हे मात्र विसरू नये. केसाएवढ्या तारेवरून मीटरभराच्या जाळीबद्दल छातीठोकपणे बोलणाऱ्यांपासून जरा जपून.

भारतात आणि महाराष्ट्रात याला कितपत जागा आहे?

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला 4 जानेवारी 2023 रोजी मंजुरी मिळाली: 19,744 कोटी रुपये, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य. महाराष्ट्राचं स्वतःचं धोरणही त्याच वर्षी आलं. पण पाणी फोडणं आपल्याला नवं नाही. भाक्राच्या विजेवर पंजाबात नांगलला खतासाठी हायड्रोजन असाच बनवला जायचा, आणि त्याच्याच जोडीने 1962 मध्ये तिथे जड पाण्याचा (जड हायड्रोजन असलेल्या पाण्याचा) प्रकल्प उभा राहिला.

बुडबुड्यांचं म्हणाल तर मुंबईत माटुंग्याला, तेव्हाच्या यूडीसीटीत आणि आताच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी बुडबुड्यांच्या स्तंभांवर, म्हणजे खालून गॅस सोडलेल्या द्रवाच्या उंच टाक्यांवर, दशकानुदशकं काम केलं आहे. तिथे गॅस बाहेरून सोडतात, इलेक्ट्रोडवर जन्मत नाही. पण उठणारा बुडबुडा पाणी कसं ढवळतो, हे गणित दोन्हीकडे एकच. केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलांनी "हे विद्युतरसायनवाल्यांचं काम" म्हणून बाजूला होऊ नये.

प्रयोगात सर्वात जास्त फसवतं काय?

स्वच्छता. एकदा आमचे बुडबुडे अचानक निम्म्या आकाराचे झाले. एकमेकांत मिसळेनात, लहान असतानाच सुटू लागले. आम्ही खूष! नव्या पृष्ठभागाचा गुण म्हणून दोन आठवडे मोजमापं घेतली. मग कळलं की काचेचा सेल कुणीतरी मनापासून भांड्याच्या साबणाने घासला होता आणि नीट खळबळला नव्हता. साबणाचा अंश पृष्ठताण उतरवतो आणि बुडबुड्यांना मिसळू देत नाही. दोन आठवड्यांचं काम मोरीत. आता सेलवर मार्करने लिहिलं आहे: "साबण लावू नये".

घरी बघता येईल का?

येईल. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात चमचाभर खायचा सोडा, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली आणि 9 व्होल्टची बॅटरी. मीठ घालू नका, क्लोरीन निघतो. खिडकी उघडी ठेवा, दोन्ही गॅस एकाच झाकलेल्या भांड्यात गोळा करू नका, काडी लावून बघायचा मोह आवरा. ऑक्सिजन हायड्रोजनच्या अर्ध्याहूनही कमी दिसला तर घाबरू नका. तो पाण्यात थोडा जास्त विरघळतो आणि थोडा पेन्सिलीतल्या कार्बनशी संयोग पावतो.

मग मोबाइलचा स्लो मोशन लावा, ग्लासामागे टॉर्च धरा आणि ऋण टोकाच्या पेन्सिलीवर एकच जागा निवडा, जिथून माळ निघते आहे. पेन्सिल काढून पुसा, परत बुडवा. माळ बहुधा त्याच जागेवरून निघेल. आता ते टोक बारीक पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करा आणि पुन्हा बघा.